आईची नाताळची ड्युटी

मे महिन्यात आम्ही नाताळची गाणी रेकॉर्ड करत होतो. बजाजनगरात ड्रमरच्या घरची वरची खोली. माइकमध्ये आवाज येतो म्हणून पंखा बंद, खिडक्यांवर गोधड्या. गायक पहाटेच्या थंडीचं गाणं म्हणायचा आणि त्याच्या कोपरावरून घाम ठिबकायचा. मी वाळूजच्या कारखान्यात पहिली पाळी करून थेट तिथं जायचो, रविवारची दुपारही तिथंच जायची. बेस गिटार मांडीवर घेतली की डोळे मिटायला लागायचे.

आम्ही तिघं चाळिशीतले. रॉक बँड कॉलेजपासूनचा. आठ गाण्यांत मिळून एकच गोष्ट सांगणारा अल्बम करायचा, हे गायकाच्या डोक्यातलं. गोष्ट त्याच्या आईची. त्या नर्स होत्या आणि नाताळला त्यांची हमखास ड्युटी लागायची. पहिल्या गाण्यात आई अंधारात ड्युटीला निघते, आठव्यात संध्याकाळी परत येते आणि सगळं घर मिळून गातं.

यात दोन वर्षं गेली. कधी माझी पाळी बदलायची, कधी ड्रमरच्या मुलीची परीक्षा असायची. शेवटी शेवटी तर आम्ही आलो, वाजवलं, निघालो, एवढंच.

डिसेंबरात छावणीतल्या घरी त्याच्या आईंना अल्बम ऐकवला. पाय स्टुलावर ठेवून त्यांनी आठही गाणी ऐकली.

"चांगलं केलंय," त्या म्हणाल्या. "पण शेवटचं खोटं आहे. मी घरी येऊन कधी गायले रे?"

गायक गोंधळला. "मग काय करायचीस?"

"झोपायचे. तुम्ही पोरं हाका मारायचात, मी उठायचेच नाय. लई दमायचे."

 तो आमच्याकडं वळून म्हणाला, "शेवटचं परत करू या."

ड्रमरनं घड्याळात बघितलं.

"आता नाय होत माझ्याच्यानं," मी म्हणालो. बोलून गेल्यावर लाज वाटली, पण शब्द मागं घेतला नाही.

"बरं," गायक म्हणाला. त्यानं ते गाणंच काढून टाकलं. आता सातव्या गाण्यात ड्युटी संपवून आई क्रांती चौकात रिक्षाची वाट बघत उभी असते आणि अल्बम तिथंच संपतो.

नाताळला तो आम्ही इंटरनेटवर टाकला. ओळखीच्यांनी ऐकला, दोघातिघांनी फोन केले. जानेवारीत ड्रमरनं ड्रम खोलून माळ्यावर चढवले, मीच खालून एकेक हातात देत होतो. बँड बंद झाला असं कुणी म्हटलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की येत्या रविवारी दुपारी घरी पडून राहता येईल.