आकारामतात्यांची बिनशेवटाची कादंबरी

आकारामतात्यांना जगात एकाच जातीच्या माणसाचा राग यायचा: कादंबरी हातात घेतली की आधी शेवटचं पान उघडणाऱ्याचा. शिरोळकडच्या आपल्या गावात ग्रामवाचनालय सांभाळत त्यांना एकतीस वर्षं झाली होती, आणि असल्या आगाऊ लोकांवर त्यांनी एक जालीम उपाय काढला होता. प्रत्येक कादंबरीची शेवटची वीस-पंचवीस पानं ते जाड दोऱ्यानं करकचून बांधून ठेवायचे. तिथवर वाचून झालं की पुस्तक घेऊन वाचनालयात यायचं, मग तात्या स्वतःच्या हातानं गाठ सोडणार. आता एवढा छळ सोसून कोण मरायला वाचतंय? पण तात्यांना वाटायचं, आपण साहित्याची सेवा करतोय.

वाचनालयाला लागूनच दूध डेअरी. सकाळी दूध घालायला आणि त्याची फॅट लावून घ्यायला बायकांची रांग लागायची आणि रांगेत एकमेकींची उणीदुणी निघायची. त्या कलकलाटाला वैतागून तात्या एकदा बाहेर आले आणि हाताला लागली ती कादंबरी मोठ्यानं वाचायला लागले. तिचं कव्हर आणि पहिली पानं पुरात गेलेली, त्यामुळं नावाचा पत्ता नाही, लेखकाचाही नाही. पण गोष्ट झकास. वसुधा नावाची बाई दारुड्या नवऱ्याचं घर सोडून शिलाईचं दुकान टाकते, आणि चार वर्षांनी नवरा दुकानाच्या दारात येऊन म्हणतो, "चल घरी." रोज तीन पानं व्हायची. बायका इतक्या गुंगल्या की फॅट कमी लागली तरी भांडेनात. डेअरीचा सेक्रेटरी खूश होऊन तात्यांना रोज चहा पाजायला लागला.

नवरा दारात उभा राहिला आणि नेमका तिथंच दोरा आला. त्याच आठवड्यात प्रौढांच्या साक्षरता वर्गाचं काम तात्यांच्या गळ्यात पडलं होतं, आणि वर्गाकडं कुत्रं फिरकत नव्हतं. तात्यांनी पुस्तक मिटलं आणि रांगेला बजावलं, "फुडचं मी वाचनार न्हाय. ज्येला शेवट पायजे त्येनं दुपारी वर्गात यायचं, अक्षरं शिकायची आनि आपल्या तोंडानं वाचायचं."

रांगेनं तात्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी अकरा बायका पाटी-पेन्सिल घेऊन हजर! सगळ्यांत पुढं शालूबाई. साठी ओलांडलेली, दोन म्हशींची मालकीण, जन्मभर जिथं तिथं अंगठा उठवत आलेली. ती अशी इरेला पेटली की चार महिन्यांत खताच्या पोत्यापासून एसटीच्या पाटीपर्यंत दिसेल ते वाचत सुटली.

मार्चमध्ये परीक्षा होती. त्याआधीच्या रविवारी शालूबाईनं डेअरीवर सगळ्यांदेखत शेवट वाचायचा असं ठरलं. अवघड जोडाक्षरं किती आहेत ते बघून ठेवावं म्हणून तात्यांनी आठवडाभर आधी गाठ सोडली, तर आत पानंच नव्हती. दोन हजार एकोणीसच्या महापुरात पाणी शिरलं तेव्हा त्यांनी सगळी पुस्तकं डेअरीच्या गच्चीवर वाळवली होती. मोकळी पानं वाळली. बांधलेल्या पानांना वारा लागलाच नाही, त्यांचं चिखलाचं ढेकूळ झालं होतं. तात्यांनी कपाटातल्या बाकीच्या कादंबऱ्यांच्या गाठी सोडल्या. चाळीसच्या चाळीस गेलेल्या. आणि इतक्या वर्षांत एकाही वाचकानं तक्रार केली नव्हती, म्हणजे तिथवर कोणी पोचलंच नव्हतं, खुद्द तात्याही नाहीत. हे त्यांना जास्त लागलं.

बायकांना हे कळलं तर वर्ग मोडणार, परीक्षाही बोंबलणार. तात्यांनी एसटी पकडून कोल्हापूर गाठलं आणि मंगळवार पेठेतल्या एका जुन्या पुस्तकवाल्यापुढं उभे राहिले.

"पुस्तकाचं नाव काय?"

"ठावं न्हाय."

"लेखक?"

"त्यो बी पुरात गेला."

दुकानदार हळहळला. "एकोणीसच्या का एकवीसच्या?"

हात हलवत परत आलेले तात्या शेवटी स्वतःच शेवट लिहायला बसले. तीन दिवस खपले. वसुधानं नवऱ्याला माफ केलं, त्याच्या पायावर डोकं ठेवलं, दुकानाला कुलूप घातलं आणि नांदायला गेली. लिहिताना तात्यांना हुंदका आवरेना. जयसिंगपूरला जाऊन ते टाइप करून आणलं, तर कागद पांढराफेक. जुना दिसावा म्हणून त्यांनी चुलीवर पातेलंभर चहा चढवला.

"एवढा च्या कुनासाठी?" बायकोनं, झुंबरबाईनं विचारलं.

"कादंबरीसाठी."

झुंबरबाईनं कपाळाला हात लावला आणि हाताच्या सवयीनं चहात आलं किसून टाकलं. त्यात बुडवून वाळवलेली पानं तात्यांनी पुस्तकाच्या शेवटी चिकटवली.

रविवार उजाडला. शालूबाई अक्षराखाली बोट धरून वाचायला लागली. बाकी दहा जणी कॅन खाली ठेवून ऐकत होत्या. अडखळत, ओठ चावत ती दुकानाच्या कुलपापर्यंत आली आणि थांबली. पान नाकाशी नेलं.

"तात्या, ह्येला आल्याचा वास येतुया."

आता लपवून उपयोग नव्हता. "शालूवैनी, खरं सांगतो. शेवट पुरात कुजला. ह्यो मी लिवलाय," ते म्हणाले आणि मान खाली घालून उभे राहिले. आता पुस्तक अंगावर येणार आणि अकराच्या अकरा जणी घरी जाणार, अशी त्यांची खात्री होती.

"वासाचं ऱ्हाऊ द्या," शालूबाई म्हणाली. "पोरीला माघारी कशापायी धाडलासा?"

"संसार हाय वैनी. शेवट गोड कराय लागतोय."

"कुनाला गोड?"

मागून वर्गातल्याच राजमतीनं तोंड घातलं, "चार वर्सं मिशनीवर पाय झिजवल्यात की तिनं."

शालूबाईनं तात्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं, पुस्तक कॅनच्या झाकणावर ठेवलं आणि तात्यांची सगळी पानं एकेका तिरक्या रेघेनं खोडून टाकली. मग ती लिहायला लागली. फळ्यावरचं उतरवून काढण्यापलीकडं तिनं आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. सेक्रेटरी फॅट लावायचा थांबला. मागचीनं पुढचीला ढोसलं नाही. बराच वेळ गेल्यावर शालूबाईनं मान वर केली आणि स्वतःचंच लिहिलेलं न अडखळता वाचलं:

"वसुधा म्हनली, मला लई कामं हायत. आनि तिनं दार लावलं."

पेन तात्यांच्या खिशाला परत अडकवत तिनं विचारलं, "परीक्षा किती वाजता हाय?"