वहिनीचे गुडघे आणि माझा स्टार्टअप

माझा स्टार्टअप आमच्या गायीने बुडवला, आणि घरात एकालाही त्याचं दुःख नाही.

संगमनेरच्या एका कॉलेजात मी 'डिझाइन थिंकिंग'चं दोन दिवसांचं शिबिर केलं होतं (चहा-नाश्त्यासह!). तिथे शिकवलं, धंदा काढायचा तर आधी माणसाची अडचण समजून घ्या, मग झटपट कच्चा नमुना बनवून वापरून बघा. नमुना सोमवारी परीक्षकांना दाखवायचा होता. अडचण शोधायला लांब कशाला जायचं? वही घेऊन थेट गोठ्यात गेलो. वहिनी आमच्या गायीची, मंजुळाची, धार काढत होती.

"वहिनी, तुम्हाला त्रास कसला होतो?"

"गुडघे लई दुखत्यात, भाऊजी. दोन्ही टायमाला धार मीच काढते."

"का दुखतात?"

"उकिडवं बसावं लागतं म्हनून."

"का बसावं लागतं?"

"गाईची कास खाली हाय म्हनून! उन्हातून आले का तुमी?"

वहीत मी ठळक लिहिलं: बसण्याची समस्या!

दादाच्या मोटारसायकलची जुनी सीट घेतली, खाली पाइपचा एकच पाय जोडला आणि कमरेला बांधायला पट्टा लावला. झालं स्टूल! दोन्ही हात मोकळे!

"मी न्हाई बांधनार," वहिनी म्हणाली. "बाया हसतील."

असा संताप आला! जिच्यासाठी मरमर मरायचं, तिलाच कदर नाही!

"मीच वापरून दाखवतो!"

रविवारी सकाळी स्टूल बांधून बसलो. आश्चर्य म्हणजे बसता आलं. बादलीही भरत आली. विजयाने दोन्ही हात वर करून मी उठलो आणि वहिनीकडे वळलो. स्टूलही माझ्याबरोबर उठलं, वळलं, आणि त्याचा पाइप मंजुळाच्या पोटात घुसला. पुढच्या क्षणी गायीची लाथ, बादली पालथी, मी उताणा!

तेवढ्यात दादा ओरडत आला. "दूध कुठंय? डेअरी बंद व्हायला आली!"

"दादा, नमुना फसतो, त्यातूनच शिकायचं असतं!"

"मग आदी उठायला शिक!"

पट्टा शेवटी वहिनीने सोडवला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"गुडघ्याचं सांगितलं, तवा मला खुर्ची नको हुती, भाऊजी. सांजच्याला तरी तुमा दोघांपैकी कुनी धार काढावी, येवढंच म्हनत हुते."

"मग तसं सरळ सांगायचं ना!" मी भडकलो.

"चार वर्सं सांगतेय. तवा तुमच्याकडं वही न्हवती."

खरं सांगायचं तर लाज वाटली.

सोमवारी मी परीक्षकांकडे गेलोच नाही. स्टूल भंगारात दिलं. संध्याकाळची धार आता मी काढतो, उकिडवा बसून. परवा शेजारच्या काकू हे बघून वहिनीला म्हणाल्या, "आमच्याकडंबी लावून दे की असा एक दीर!"

म्हणजे बाजारात मागणी आहे! पण माल एकच आहे, आणि त्याचेही आता गुडघे दुखतात!