डावा कोपरा

कबड्डीच्या बातमीत निम्म्या ओळी मान्यवरांच्या असतात. उद्घाटन कुणी केलं, श्रीफळ कुणी वाढवलं, शाल कुणाला दिली, व्यासपीठावर कोण कोण बसलं. मग उरलेल्या जागेत सामना उरकतात. विजयी संघातर्फे अमक्याने तुफानी चढाया केल्या, तमक्याने सुरेख पकडी करून त्याला मोलाची साथ दिली, पराभूत संघानेही चांगली लढत दिली. झालं! अरे, साथ द्यायला ते काय भजन आहे? चढाईवाला समोरच्यांच्या अंगणात घुसतो, कोपऱ्यातला एक जण त्याचा घोटा धरून त्याला जागच्या जागी आडवा करतो, तेव्हा सामना फिरतो. ते कोण लिहिणार? लिहिणाऱ्याला कोपरा दिसतच नाही. टीव्हीवरच्या लीगचीही तीच गत. कॅमेरा आपला चढाईवाल्याच्या मागे, त्याच्या केसांची तऱ्हा दाखवत.

हे सगळं मी कुवेतमधल्या अब्बासियातल्या आमच्या खोलीत खाटेवर बसून मोबाइलला ऐकवतो. दुसरं ऐकणार कोण? खोलीतले दोघे केरळचे. माणसं भली, पण फुटबॉलपुढे त्यांना काही सुचत नाही. कामावर मी एक्स-रे काढतो. दिवसभर कधी अरबीत, कधी हिंदीत एकच बोलणं, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. मराठी लागते ती शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, घरी फोन करताना.

मी अलिबागकडचा. आमच्या गावाकडून खूप वर्षं डावा कोपरा सांभाळला. आमचा चढाईवाला पेपरात गाजला, त्याला त्या जोरावर नोकरी लागली. मी मात्र जेवढी वर्षं खेळलो तेवढी वर्षं पेपरात 'आदी' होतो. 'आदींनी उत्तम खेळ केला.' राग येणार नाही तर काय होणार! तो राग मी कुवेतला येताना सामानात बांधून आणला आणि अजून नीट जपून ठेवलाय.

मुलगी कबड्डी खेळायला लागली तेव्हा मीच तिला डावा कोपरा दिला. सुट्टीवर गेलो की अंगणात मी चढाई करायचो आणि ती माझा घोटा धरायची. तिची आई ओटीवरून ओरडायची, "अहो, कंबर मोडाल! परत जायचंय ना तुम्हाला?" ती पोर अशी चिकटायची की पाय सुटायचा नाही. मी धुळीत पडून हसायचो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा भाग कुठला असं कुणी विचारलं, तर मी ते पडणं सांगेन.

कुवेतला परत आलो की फोनवर बोलायला आमच्यात तेवढाच एक विषय. आता ती कॉलेजात आहे. अभ्यासाचं विचारलं तर "चाललंय", मैत्रिणींचं विचारलं तर "आहेत ना". कबड्डीचं काढलं की जरा थांबते. म्हणून मी तेच काढतो. घोटा धरताना गुडघा टेकतेस ना? हो बाबा. शेजारणीचा हात आधी सोडत नाहीस ना? नाही बाबा. आणि मग चढाईवाल्यांच्या आणि पेपरवाल्यांच्या नावाने माझं बोटं मोडणं सुरू होतं, ते ती निमूट ऐकून घेते. हा विषय संपला तर आपल्यात काय उरेल, ही भीती मला नेहमी असते. उघडच सांगतो, त्या भीतीपोटीच मी फोन लांबवतो.

यंदा ती जिल्ह्याच्या स्पर्धेत खेळत होती. यातूनच जिल्ह्याचा संघ निवडतात. मुख्य मैदानावरचे सामने मोबाइलवर दिसतात, पण मुलींचे अंतिम फेरीआधीचे सगळे सामने बाजूच्या मैदानावर, तिथे कॅमेरा नाही. बायकोचा निरोप आला, 'जिंकले', पुढे एक अंगठा. बास! म्हणून शुक्रवारी सकाळी खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, दूध आणि खुबुसाच्या रोट्या आणल्या, चहा टाकला आणि आमच्याकडच्या पेपरचं जिल्ह्याचं पान मोबाइलवर उघडलं.

मान्यवर ओलांडून खाली आलो. तिच्या संघाचं नाव दिसलं. पुढे चक्क तिचं नाव! आणि त्यापुढे लिहिलेलं, तिने तुफानी चढाया केल्या.

माझं डोकंच फिरलं. चढाया? माझी मुलगी डाव्या कोपऱ्यात खेळते, डाव्या कोपऱ्यात! पोरीने घोटे धरून हात सोलून घ्यायचे आणि यांनी ठरलेलं वाक्य तिच्या नावापुढे चिकटवून मोकळं व्हायचं. मैदानावर जातंय कोण? मंडळवाले मोबाइलवर आकडे पाठवतात, हे घरात चहा पीत बातमी करतात. इतकी वर्षं 'आदी' म्हणून गप्प बसलो, मुलीच्या बाबतीत बसणार नव्हतो. पानाखाली कार्यालयाचा नंबर होता. तिथून बातमीदाराचा मिळवला.

आवाजावरून पोरगेलासा वाटला. मी नावगाव न सांगता सुरूच झालो. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "काका, मान्यवरांचं तुमचं खरंय. एक नाव गाळलं तरी मंडळाचा फोन येतो. पण या सामन्याला मी स्वतः होतो. ती मुलगी चढाईच करते."

"अरे, मला सांगतोस? मुलगी माझी आहे!"

"असेल हो. पण मी मैदानावर होतो, काका. तुम्ही होतात का?"

त्याला वाटलं फोन कटला, म्हणून दोनदा हॅलो हॅलो म्हणाला. मग मी सांगितलं की मी कुवेतला असतो. "मग बरोबर," तो म्हणाला, अगदी समजुतीने, आणि त्या समजुतीचाच मला जास्त राग आला. "चांगली खेळते हो," तो पुढे म्हणाला. "तुफानी." मी म्हटलं, तुफानी म्हणजे कशी? तो घुटमळला. म्हणाला, "म्हणजे... तुफानीच की." त्याला दुसऱ्या सामन्याला जायचं होतं. मी आभार मानून फोन ठेवला.

बायकोला लावला. तिला आधी कळेना मी कशाबद्दल विचारतोय. मग म्हणाली, "अहो, पावसाळ्यापासून चढाईच करते ती. त्यांची चढाईची मुलगी लग्न होऊन गेली ना, मग सरांनी हिला चढाईला घातलं. आणि हिला जमलंच एकदम."

"मला कुणी सांगायचं?"

"तुम्हाला कसं सांगायचं? चढाईवाल्यांचं नाव काढलं की अर्धा तास तुमचं चालू राहतं. ती म्हणाली, नको गं आई, बाबांना वाईट वाटेल, कोपराच राहू दे त्यांच्याकडे."

घरात सगळ्यांना माहीत होतं. गावात माहीत होतं. एका पेपरवाल्याला माहीत होतं. मी एकटाच दर शुक्रवारी तिला घोटा धरायला शिकवत होतो आणि ती हो बाबा, हो बाबा म्हणत होती. चहावर साय धरली होती. केरळवाल्यांतल्या एकाने विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, ठीक, मुलगी जिंकली. त्याने माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. मला रडू येत होतं, आणि ते लपवायला मी बादली घेऊन कपडे धुवायला बसलो.

दुपारी तिचाच फोन आला. आईने सांगितलं असणार, कारण ती नुसतं "बाबा" एवढंच म्हणाली. तिच्या मागे मुलींचा कलकलाट ऐकू येत होता.

"पेपर वाचला," मी म्हटलं. "त्या मुलाने बरोबर लिहिलंय."

"रागावलात?"

"वेडी आहेस का? अगं, पण मला सांग ना. कुठून शिरतेस? आधी हात टाकतेस की पाय? कोपऱ्यातली अंगावर आली की काय करतेस? सगळं सांग, अगदी मध्यरेषेपासून."

ती हसली. खूप दिवसांनी तसं हसली. "कोपऱ्यातली कधी येणार ते मला आधीच कळतं, बाबा," ती म्हणाली. "तुम्हीच तर—" तेवढ्यात मागून कुणीतरी तिला हाक मारली. "सर बोलावतायत. आज उपांत्य सामना आहे. पेपरात येईल ना, बघा तुम्ही." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हाला कामावर नेणारी कंपनीची बस वाटेत अर्दियाच्या गोदामांपाशी खोळंबली होती. धुळीने समोरचं काही दिसत नव्हतं. मी पान उघडलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा चढाईवाल्यांची नावं आधी शोधली. तिचं सगळ्यात वर होतं. तिने तुफानी चढाया केल्या, असं लिहिलं होतं. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली, मान्यवरांपासून शेवटापर्यंत सगळी बातमी वाचली. पण तुफानी म्हणजे कशा, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.