ठुशी घालून व्हायोलिन

"त्या काळात, पिंपरीसारख्या ठिकाणी, व्हायोलिन शिकलात? नशीबवान हो तुम्ही," असं कुणी म्हणालं की माझं डोकं आजही फिरतं. शिकले म्हणजे काय, आठवड्यातून एक तास त्याच्याशी झोंबले. उरलेला आठवडा ते शाळेच्या कपाटात कुलपाआड, आणि मी घरी डाव्या हाताची बोटं हवेत नाचवत बसलेली. आई विचारायची, "बोटाला काय चावलं का गं?"

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. पिंपरीत नवा कारखाना उभा राहत होता आणि वडील नगरकडची कोरडवाहू जमीन भावावर सोपवून तिथे कामाला लागले होते. पिंपरी गावातल्या एका जुन्या शेतकऱ्याच्या घरामागची एक खोली आम्ही भाड्याने घेतली होती. पुण्याच्या काही बायकांच्या मंडळाला वाटलं, इथल्या गोरगरीब मुलांना संगीत शिकवावं. पेटी-तबला नको, ते काय कुणीही शिकवतं. म्हणून व्हायोलिन! सहा व्हायोलिनं आली आणि मुलं आली त्याच्या दुप्पट. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं त्याच्या कोपरापासून डोळा वाचवत बसायचं.

शिकवायला पुण्याहून एक मास्तर दर रविवारी गाडीने येत. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवायचं आणि गज सरळ ओढायचा, एवढं त्यांनी आम्हाला रागावून रागावून शिकवलं. पण तासातला अर्धा वेळ तारा जुळवण्यातच जायचा, कारण आठवडाभर कुणी हात न लावल्यामुळे त्या सैल पडलेल्या असायच्या. मास्तर खुंट्या पिळत पुटपुटायचे, "वाद्य म्हणजे काय लोणच्याची बरणी आहे, फडक्यानं तोंड बांधून ठेवायला?"

पण हे मंडळाच्या अध्यक्षबाईंना कोण सांगणार? बाई इतक्या गोड बोलायच्या की त्यांच्यावर धड रागावताही यायचं नाही. पालकांनी वर्गाकडे फिरकू नये, मुलांचं लक्ष उडतं, हा नियम त्यांचाच. रविवारी आई तशीही घरमालकिणीच्या शेतात खुरपायला जायची, त्यामुळे तिला त्या नियमाचं काही वाटलं नाही.

वर्षभरानं बाईंनी जाहीर केलं, कार्यक्रमात जो चांगला वाजवेल आणि ज्याला खरोखर गरज असेल, त्याला एक व्हायोलिन घरी न्यायला मिळेल. मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "नीट वाजव. ते तुझंच आहे." त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. घरी कुठे ठेवायचं, कधी वाजवायचं, वडिलांची रात्रपाळी असली की दिवसा ते झोपलेले असताना काय करायचं, सगळं मी मनात ठरवून टाकलं होतं.

आणि कार्यक्रमाच्या सकाळी आईनं घोळ घातला.

मला न्हाऊमाखू घातलं, लग्नाकार्यासाठी जपलेलं खणाचं परकर-पोलकं चढवलं, आणि मग घरमालकीणबाईंकडून आणलेली सोन्याची ठुशी माझ्या गळ्यात बांधली. कानात त्यांच्याच मोत्यांच्या कुड्या. घरमालकीणबाई स्वतः दारात उभ्या राहून बघत होत्या. "आता कशी पाटलाची लेक दिसतीया," त्या म्हणाल्या. मी वैतागून म्हटलं की ठुशी टोचते, हनुवटी खाली करता येत नाही. आई म्हणाली, "गप ऱ्हा. चार मानसांत लंकेची पार्वती म्हनून न्यायची व्हय तुला?"

बाईंना नेमकी लंकेची पार्वतीच हवी होती, हे आम्हा तिघींपैकी कुणाच्या डोक्यात यावं?

मी भूप वाजवला. चांगला वाजवला, हे मी आज खोट्या विनयाशिवाय सांगते. मास्तरांनी मान डोलावली, आणि ते सहसा डोलवत नसत. आयांना मात्र मागच्या अंगणात पाहुण्यांच्या चहाला लावलं होतं. मी धावत मागे गेले तर आई विहिरीवर कपबश्या विसळत होती. "झालं? कवा?" तिनं विचारलं.

मी परत पुढे आले तेव्हा बाई माझ्या गळ्याकडे बघत मास्तरांना हळूच म्हणाल्या, "मुलगी गुणी आहे हो, पण हे तर गरजूंसाठी आहे ना? चौकशी करून ठरवू." मास्तरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मंडळाच्या बैठकीला आईला घेऊन जा. दागिने मागून आणलेले होते म्हणावं. बस."

बस कसलं! आई ऐकेचना. "मी गरीब हाय, मी गरीब हाय आसं दारोदार सांगत फिरू का? तुझ्या बापाला नोकरी हाय." मी जेवण सोडलं. घरमालकीणबाई तर पदर खोचून निघाल्याच होत्या, "मी सांगते, ठुशी माजी हाय, कुनाच्या बापाची न्हाई." त्यांना थोपवता थोपवता आईची पुरेवाट झाली. मला दोघींचाही संताप येत होता. दोन वाक्यं तर बोलायची होती.

शेवटी बैठकीच्या दिवशी आई उठली आणि शेतात जाताना नेसायचं ठिगळाचं लुगडं नेसली. ते नेसून ती कधी बाजारातसुद्धा जात नसे. शाळेच्या खोलीत चार-पाच बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या. आई उभीच राहिली आणि म्हणाली, "बाई, आमी गरीब हाओत. सोनं शेजारनीचं व्हतं."

आठवडाभर मी याच वाक्यासाठी तिचा जीव खाल्ला होता. ते तिच्या तोंडून ऐकलं आणि मला वाटलं, जमीन दुभंगावी.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं," बाई हसून म्हणाल्या. "घरी खोल्या किती?"

"येकच."

"कपाट आहे?"

"न्हाई."

बाईंनी इतर बायकांकडे पाहिलं. "मग एवढं नाजूक वाद्य तिथे राहणार कसं? उंदीर, ओल, लहान मुलं. आणि तुमच्याकडे वस्तू अशा या घरातून त्या घरात जातात म्हणता. रागावू नका हं, पण आमच्यावर जबाबदारी आहे."

म्हणजे सोनं घातलं तर गरज नाही, आणि उतरवलं तर भरवसा नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी आईकडे बघितलं. तिला राग आला असावा असं मला वाटलं, पण तिनं वेगळंच विचारलं. "मंग बाई, आत्ता हितंच येकदा वाजवू द्या तिला. मी आजून ऐकलं न्हाई."

"हो हो, का नाही," बाई म्हणाल्या. "पण कपाटाची किल्ली मास्तरांकडे असते, आणि ते रविवारी येतात. आणि रविवारी पालक आले की मुलांचं लक्ष, तुम्हाला माहीतच आहे."

परत येताना मी आईच्या चार पावलं पुढेच चालत होते. रेल्वेच्या रुळांपाशी गाडी जायची वाट बघत उभ्या असताना आई म्हणाली, "कसं वाजतं गं ते?"

मी चिडलेलीच होते. तरी तोंडानं भूप म्हणून दाखवला, सा रे ग प ध, कार्यक्रमात वाजवला तसा अख्खा. आईनं मान खाली घालून सगळा ऐकला. मग समाधानानं म्हणाली, "हेच हाय व्हय? मंग घरी आनायचं काय ऱ्हायलं? तुझ्या तोंडातच तर हाय."

मला रडूच कोसळलं. ते हे नव्हतं. तोंडानं म्हणणं वेगळं आणि गज ओढल्यावर छातीशी, घोट्याशी, दातांत जे घुमतं ते वेगळं. हे मी तिला रडत रडत सांगत राहिले आणि ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली, कारण मी कशाबद्दल बोलते आहे ते तिनं कधी ऐकलंच नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात वर्ग बंद झाला आणि व्हायोलिनं पुण्याला परत गेली.