कुंडीतलं जिरं

ताईच्या घराच्या मागच्या बाजूला काचेची एक खोली आहे. मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये मार्च म्हणजे नावालाच वसंत. बाहेर कुंपणाच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग असतात, आणि आत काचेतून येणारं ऊन मात्र थेट उन्हाळ्याचं. या वर्षी मार्चमध्ये मी ताईकडे राहायला आलो तेव्हा ती दिवसभर त्या खोलीत आरामखुर्चीत पडून असायची. केमोच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. ती झोपलीय की जागी आहे हे पटकन कळायचं नाही. डोळे मिटलेलेच ठेवून ती मध्येच एखादं वाक्य बोलायची, गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांबद्दल किंवा आमच्या शाळेच्या घंटेबद्दल, आणि परत गप्प व्हायची. मी समोर बसून ऊन फरशीवरून सरकताना बघायचो. कोणत्या गावात बसलोय याचाही कधी कधी विसर पडायचा.

काळजी एकच होती, तिच्या वजनाची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन आणखी उतरलं तर पुढची फेरी लांबवावी लागेल. ताई त्यांना म्हणायची, खातेय की व्यवस्थित. भावजी जाऊन बरीच वर्षं झालीत, मुलगी लांब टेक्सासात. मी एकटा जीव, नुकताच निवृत्त झालेला. स्वयंपाकघर मी ताब्यात घेतलं. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचं काम करण्यात माझं आयुष्य गेलं. बिघाड कुठून येतो ते शोधायचं आणि दुसऱ्याला शहाणपण शिकवायचं, या दोन्ही गोष्टी मला बऱ्या जमतात.

रोपाची कल्पना भाचीची. तिने शुगर लँडहून फोन केला. "मामा, आईला भूक लागावी म्हणून ते ट्राय कर ना. तुमच्याकडे लीगल आहे, घरी पण लावता येतं." तिच्या टेक्सासात जे चालत नाही ते ती मिशिगनमध्ये मामाकडून करून घेणार होती. मी नाक मुरडलं. गांजा म्हटलं की मला गावाबाहेरच्या देवळामागची चिलीम आठवते. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. ताई मात्र त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसली. सगळी नोकरी औषधांच्या दुकानात केलेली बाई. म्हणाली, ओढणार तर मी नाहीच, पण दिसतं कसं ते बघू तरी.

म्हणून मी वीतभर उंचीचं एक रोप विकत आणलं आणि तिच्या खुर्चीशेजारी कुंडीत लावलं. वर रोपं वाढवायचा खास दिवा टांगला. ढगाळ दिवशी त्या दिव्याने सगळी खोली गुलाबी व्हायची. काचेबाहेरचा बर्फ गुलाबी, ताईची शाल गुलाबी. तिच्या चेहऱ्यावरही त्या उजेडात असा रंग चढायचा की ती बरी झालीय असं मला वाटायचं. दिवा आहे हे ठाऊक असूनही मी ते वाटू द्यायचो.

मागच्या गल्लीतल्या एक काकू डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी रोपाची पानं निरखून पाहिली. "अंबाडी का ही? वाढली की मला भाजीपुरती दे हं." ताईने डोळे न उघडता शांतपणे सांगितलं, नक्की देईन. काकू गेल्यावर आम्ही दोघं इतके हसलो की ताईला खोकला आला.

पण ती अंबाडी काही वाढेना. दोनचार पानांवर अडकून बसली. पानं पिवळी पडली, टोकं करपल्यासारखी तपकिरी झाली, देठांवर जांभळट झाक आली. मी आधी म्हटलं, उपाशी आहे. खत घातलं, तर टोकं आणखी करपली. मग म्हटलं, पाणी जास्त होतंय. पाणी कमी केलं. मग दिवा वर घेतला, मग खाली. नळाचं पाणी बंद करून बाटलीतलं घातलं. इंटरनेटवर जितकी तोंडं तितकी मतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी कारखान्यात नव्या पोरांना ओरडून सांगायचो, आणि इथे एका रोपट्यापुढे हात टेकून सगळंच एकदम बदलत बसलो होतो. शेवटी त्या रोपाचाच राग यायला लागला.

तिकडे माझं ताक रोज चालू होतं. आईची लाकडी रवी मी इतकी वर्षं इकडे सांभाळलीय. दुपारी ताईसमोरच बसून ताक घुसळायचो, त्यात मीठ, हिंग, भरडलेलं जिरं, किसलेलं आलं. ग्लास तिच्या हाताशी ठेवून मी भांडी घासायला जायचो. परत यावं तर ग्लास रिकामा. तो रिकामा ग्लास बघून मला फार बरं वाटायचं. तरीही काट्यावर वजन उतरतच होतं. खाल्लेलं जातं कुठे, हे मला कळत नव्हतं.

मग एका सकाळी मी मातीचा आंबटपणा मोजायचा मीटर मागवून घेतला. ताई खुर्चीत डुलक्या घेत होती. मीटरवरचा आकडा इतका आंबट आला की मीटरच बिघडलाय असं मला वाटलं. वाकून वास घेतला. माती नासल्यासारखी आंबूस. वर पांढरा थर धरलेला. चमच्याने तो खरवडला, तर खाली आल्याचा एक तंतू, आणि त्याला चिकटलेलं अर्धं जिरं.

मी ते बोटावर घेऊन त्या गुलाबी उजेडात कितीतरी वेळ उभा राहिलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. रोपाला काय झालंय ते कळलंच, आणि वजनाचंही. मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"ताई, हे कधीपासून चाललंय?"

ती जागीच होती. "वास सहन होत नाही रे. हिंगाचा तर मुळीच नाही. पोटात काही ठरत नाही."

"मग सांगायचं ना."

"तू आईची रवी घेऊन बसायचास. ग्लास रिकामा दिसला की तुझा चेहरा कसा व्हायचा, ते तू नाही बघितलंस." मग शाल ओढून घेत म्हणाली, "मी जातेय असं तुला वाटू नये, म्हणून ओतत होते."

मी तिच्या पायाशी फरशीवर बसलो आणि रडलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो इतका हलका झाला होता की ठेवलाय की नाही ते कळत नव्हतं.

दुपारी आम्ही कुंडी उलटी केली. मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली होती. ताईने रोप दोन्ही हातांत धरलं आणि मी कोमट पाण्याने मुळं हळूहळू धुतली, सडलेली कापून टाकली. नवी भुसभुशीत माती भरली. मी खताच्या बाटलीकडे हात नेला तर ताईने थांबवलं. आता काही घालू नकोस, म्हणाली, नुसतं पाणी, आणि तेही ते मागेल तेव्हा. औषधं देण्यात आयुष्य गेलेल्या बाईचा शब्द होता तो.

दुसऱ्या दिवशी फोनवर तिने डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी मळमळीचं औषध बदललं आणि फेरी पुढे ढकलली. फेरी लांबली याचं मला वाईट वाटलं, पण निदान आता सगळ्यांना खरं ठाऊक होतं. हिंगाची डबी मी गॅरेजमध्ये नेऊन ठेवली.

पिवळी पानं परत हिरवी होत नाहीत, ती तशीच गळून जातात. बघायचं असतं ते शेंड्याकडे. बर्फ वितळून मागच्या अंगणात चिखल झाला तेव्हा कुठे शेंड्यातून दोन चिमुकली पानं निघाली, अगदी पोपटी. ताईनेच ती आधी पाहिली. त्याच सुमाराला एकदा तिने आपणहून काहीतरी मागितलं. थंडगार कैरीच्या फोडी, मीठ न लावता. मी गाडी काढून इंडियन ग्रोसरीत गेलो. तिने दोन फोडी खाल्ल्या आणि बाकीच्या मला खायला लावल्या.

आता रोप खिडकीच्या मध्यापर्यंत आलंय. त्याचं पुढे काय करायचं ते ताईने ठरवलेलं नाही. काकू भाजीची आठवण काढतात. पुढची फेरी याच महिन्यात आहे. दुपारी मी नुसतं पातळ ताक ठेवतो, हवं तर घे म्हणून.

परवा आत गेलो तर ताईला गाढ झोप लागली होती. ग्लास तिपाईवर होता, दोन घोटच काय ते कमी झालेले, ताकावर पाणी सुटलेलं. मी कुंडीतली माती बोटाने चाचपली. कोरडी होती. मग ग्लास उचलला आणि उरलेलं ताक तिथेच उभ्याने पिऊन टाकलं.