बाहुलीच्या पोटातली माणसं

लग्नघरात बाकीच्या बायका नवरीचे दागिने न्याहाळत असायच्या, तेव्हा आमची फुई शिंप्याच्या मशीनखाली वाकलेली असायची. चिंधी दिसली की तिचे हात शिवशिवायचे. शिंपी कुरकुरलाच तर म्हणायची, "तुन्हं काय जास रे? तू ते झाडी टाकशी." फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. धानोऱ्यात दिलेली, लवकर विधवा झालेली, आणि घराण्यातल्या प्रत्येक मुलीला बाहुली शिवून देणं हा आपला हक्कच आहे असं समजणारी.

तिच्या बाहुल्या काही देखण्या नव्हत्या. जुन्या लुगड्याचं अंग, काळ्या दोऱ्याचे केस, डोळ्यांच्या जागी दोन टाके. नाक कधीच नसायचं. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "नाक दिधं का ती मुरडाले लागस." नाक मुरडायला मी होतेच. काकांनी सुरतहून डोळे मिटणारी प्लॅस्टिकची बाहुली आणली आणि फुईची बाहुली दोन दिवस ओट्यावर उन्हात पडून राहिली. फुईने ती उचलली, धूळ झटकली, "ऊन लागनं व्हई तिले," एवढंच म्हणाली आणि सावलीत ठेवली.

तिचा एक नेम मात्र पक्का होता. बाहुली जुनी झाली की टाकायची नाही. तिचं पोट उसवायचं, आतला कापडाचा गोळा काढायचा, आणि नव्या बाहुलीत कापूस भरताना मधोमध तोच ठेवायचा. त्या गोळ्यालाच ती पोट म्हणायची. फुईच्या लहानपणच्या बाहुलीचा गोळा माझ्या बाहुलीत आला. पुढे माझी मुलगी मानसी झाली, तेव्हा माझ्या बाहुलीची चिंधी त्याच्यावर गुंडाळून तो मानसीच्या बाहुलीत गेला. "आते हाई एकली नही," फुई म्हणायची, "हिन्हा पोटमा आपला घरन्या बाया शेत."

मी नंदुरबारला शाळेत शिक्षिका. मुलांना जुन्या वस्तू जपायला सांगण्यात माझी हयात गेली. मानसी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि काही वर्षांनी तिला बघायला पाहुणे यायचे ठरले. आदल्या दिवशी मी घर आवरायला काढलं. शोकेसमध्ये ती तेलकट, नकटी बाहुली बसलेली. पुण्याची माणसं काय म्हणतील, या विचाराने मला घाम फुटला. सकाळी घंटागाडी आली, तिच्यात मी स्वतःच्या हाताने बाहुली टाकली. तेव्हा मला बाहुलीची लाज वाटली होती. आता माझीच वाटते.

मानसीला मुलगी झाली, आणि आठवड्यात फुईचा फोन आला. "पोर व्हयनी ना? मंग मानसीनी भावली लई ये. पोट काढनं शे."

हरवली म्हणाले असते तरी चाललं असतं. तेवढाही धीर झाला नाही. मी फरशी पुसायच्या फडक्यांतून एक जुनं सुती कापड काढलं, चहाच्या पाण्यात भिजवलं, दगडावर घासलं, दोन दिवस गच्चीवर वाळवलं, वरून खोबरेल चोळलं. त्याचा गोळा करून धानोऱ्याला नेला. "बाहुली पार विरली होती गं, पोट तेवढं राहिलंय," असं सांगितलं. मुलांच्या वहीतली नक्कल चुटकीसरशी पकडणारी मी, आणि माझी नक्कल अशी.

फुईला तेव्हा नीट दिसत नव्हतं. तिने गोळा हातात घेतला, चाचपला, नाकाशी नेला. मांडीवर ठेवला. मग तिने स्वतःच्या पदराचा काठ दाताने तोडला, टर्रकन पट्टी फाडली आणि त्या गोळ्यावर गुंडाळली.

"एकलं कसं ऱ्हाई ते? मन्हंबी ऱ्हाऊ दे," म्हणाली. आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, "तू इतला वरीस सांभाळं, भलतं चांगलं करं."

तिला कळलं होतं. माझी खात्री आहे, तिला कळलं होतं. त्याच क्षणी तिचे पाय धरायला हवे होते. मी मात्र "एसटी चुकेल" म्हणून उठले. शिवलेली बाहुली तिने मागाहून कोणाच्या तरी हाती पाठवली. कबुली द्यायला पुढच्या खेपेला जाऊ, दिवाळीला जाऊ, असं करत मी गेलेच नाही. थंडीत फुई गेली.

तिच्या गंधमुक्तीला आम्ही सगळे धानोऱ्यात जमलो. बाराव्याचं जेवण आटोपल्यावर शेजारच्या घरातली एक म्हातारी नातीचा हात धरून मला शोधत आली.

"तूच ना ती मास्तरीन? फुई सारा गावले सांगे, मन्हा भाऊनी पोर शिकेल शे, पन तिन्ही चिंधी टाकी नही. आमना पोट तिन्ही सांभाळात." मग तिने नातीला पुढे ढकललं. "पाय पड वं हिन्हा. अशी बाई आते देखाले भेटत नही."

पोरगी वाकली. सगळ्या बायका बघत होत्या. मी पाय मागे घेतले नाहीत.