गुणगौरवाची यादी

बँकेतून निवृत्त झाल्यावर माझ्याकडे मिरवण्यासारख्या दोन गोष्टी उरल्या. एक म्हणजे, खातं बंद पडेल म्हणून घाबरवणाऱ्या एका भामट्याला मी फोनवर वीस मिनिटं असं पिळलं होतं, की शेवटी त्यानेच "मॅडम, आता ठेवू का?" म्हणून विचारलं. दुसरी म्हणजे, आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दहावी-बारावी झालेल्या मुलांचा दरवर्षी गुणगौरव होतो, त्याची यादी मी करते. पहिल्या गोष्टीमुळे मी एका भानगडीत पडले. दुसरीचं पुढे येईलच.

सोसायटीच्या तरुण मुलांचा एक गट आहे. शनिवारी संध्याकाळी पार्किंगवरच्या हॉलमध्ये वीसेक मुलं जमतात, कॅरम खेळतात, गणपतीची भांडणं जानेवारीपासून सुरू करतात. माझ्या वीस मिनिटांची कीर्ती चेअरमनांच्या कानावर गेली आणि ते म्हणाले, "मुलांना इंटरनेटवर कसं जपून राहायचं ते तुम्हीच शिकवा. तुमच्यापुढे भामटेसुद्धा टिकत नाहीत." मला हे कौतुक वाटलं. ते कौतुक नसावं, असं ह्यांचं मत.

पहिल्या शनिवारी मी पाठ केलेलं सगळं बोलले. पासवर्ड, ओटीपी, अनोळखी लिंक. मुलं शांतपणे ऐकत होती. संपल्यावर एक जण म्हणाला, "काकू, तुमचा पासवर्ड तुमच्या वाढदिवसाची तारीख आहे ना?" मी तडक घरी जाऊन तो बदलला आणि नवा दोन दिवसांत विसरले.

समोरासमोर कुणी खरं बोलणार नाही हे तेवढ्यावरून कळलं. म्हणून दुसऱ्या शनिवारी श्रीखंडाचा रिकामा डबा नेला, झाकणाला चीर पाडली आणि सांगितलं, नाव न घालता प्रश्न टाका. पहिल्या सात चिठ्ठ्यांत तीन मुलांना मित्रांचं अकाउंट कसं हॅक करायचं ते हवं होतं. एकाला श्रीखंड कुठे गेलं हे विचारायचं होतं. आठवी चिठ्ठी मात्र अशी होती:

"एका अनोळखी माणसाचे मेसेज येतात. त्याला माझं नाव, कॉलेज, विंग, मी रविवारी कुठे जाते, सगळं माहीत आहे. मी कुणालाही सांगितलेलं नाही. घरी कळलं तर फोन काढून घेतील. फोन गेला की रविवारही गेला."

मी चष्मा वर सरकवला. तीस वर्षं काउंटरवर बसून माझा एक आवाज तयार झाला आहे, तो लावून म्हणाले, "उत्तर देऊ नका, ब्लॉक करा, मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा आणि मोठ्या माणसाला सांगा. आणि एक लक्षात घ्या. माहिती आपोआप बाहेर जात नाही. कुणीतरी दिलेली असते. नीट आठवा." हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. घरी येऊन ह्यांनाही ऐकवलं.

पुढच्या शनिवारी डब्यात वरच एक चिठ्ठी होती. माझी सवय अशी, की आधी मोठ्याने वाचायचं आणि मग समजून घ्यायचं. मी वाचलं, "आठवलं. काकू, तुमच्या गुणगौरवाच्या यादीतून."

कुणी हसलंसुद्धा नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन यादी उघडली. गेली नऊ वर्षं ती मी करते आणि बँकेतल्या सवयीने एकही रकाना रिकामा सोडत नाही. फोटो, पूर्ण नाव, विंग आणि फ्लॅट नंबर, शाळा, टक्के, पुढे प्रवेश कुठे, छंद. ही यादी सोसायटीच्या ग्रुपवर जाते आणि इंटरनेटवरच्या पानावरही, जे जगात कुणालाही उघडता येतं. मुलांची माहिती आणायला मी आयांकडे जात असे. मुलांना विचारायचं असतं हे मला कधी सुचलंच नाही. सी विंगमधल्या एका मुलीच्या नावापुढे मीच लिहिलं होतं: "छंद: दर रविवारी पहाटे खडकवासल्यापर्यंत सायकलिंग." वर कौतुकाचा अंगठाही टाकला होता. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. रात्रीचं जेवण गेलं नाही.

सकाळी ती सायकल पुसताना खाली दिसली. अकरावीची, हडकुळी, जरा फटकळ मुलगी. मी जवळ जाऊन म्हटलं, "माझं चुकलं गं." तिने फडकं थांबवलं. म्हणाली, "मला माहितीये, तुम्ही मुद्दाम नाही केलंत." मग हळूच, "फोन बरोबर असेल तरच बाबा सायकलवर सोडतात. आता सांगितलं तर दोन्ही बंद." मी विचारलं, "मी बरोबर आले तर सांगशील?" तिने बराच वेळ चेन पुसली आणि मान डोलावली.

तिच्या घरी तिने स्वतःच सगळं सांगितलं, मेसेज दाखवले. तिचे बाबा ऐकता ऐकता लाल झाले आणि त्यांचा हात टेबलावरच्या तिच्या फोनकडे गेला. मी म्हटलं, "अहो, तिने काहीच दिलेलं नाही. सगळं मी दिलं. फोन काढून घ्यायचाच असेल तर माझा घ्या."

"द्या," ते म्हणाले.

मला वाटलं बोलण्याची पद्धत असेल. पण त्यांनी खरंच हात पुढे केला. माझा फोन घेऊन नऊही वर्षांच्या याद्या त्यांनी पानावरून एकेक करून काढल्या, फोन परत दिला आणि म्हणाले, "चहा घेणार का?" दुपारी आम्ही तिघं स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोलिसांकडे तक्रार देऊन आलो. ते अकाउंट पुढे बंद झालं. तिचा फोन तिच्याकडेच राहिला आणि रविवारही. फक्त पहिले चार रविवार सायकलच्या मागून तिच्या बाबांची स्कूटर जात असे. पाचव्या रविवारी ते झोपून राहिले.

तक्रारीनंतरच्या पहिल्याच शनिवारी मी मुलांपुढे चूक कबूल केली, अर्थात त्या मुलीचं नाव न घेता. "काकू, ह्याचेही स्क्रीनशॉट ठेवायचे का?" एकाने विचारलं. त्या दिवसापासून मुलं मला खरे प्रश्न तोंडावर विचारू लागली. डबा मी पुन्हा स्वयंपाकघरात नेला.

यंदाच्या गुणगौरवात मुलांनी माझाही सत्कार ठेवला. नारळ, गुलाबाचं फूल आणि एक नवा श्रीखंडाचा डबा, या वेळी भरलेला. मी पदर सावरून उभी राहिले. समोर तीच मुलगी फोन घेऊन होती. फोटो काढून ती जवळ आली आणि म्हणाली, "काकू, हा ग्रुपवर टाकला तर चालेल का?"

खरं तर फोटो छान आला होता. पण नऊ वर्षांत जे मी एकाही मुलाला विचारलं नव्हतं, ते ती मला विचारत होती. काय करते ते बघावं म्हणून मी म्हटलं, "नको."

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्यासमोरच तिने तो पुसून टाकला.